तीन हंगामांचं दार

आमच्या साडूंनी आयुष्यात एकच गोष्ट एका झटक्यात केली, ती म्हणजे जन्म घेतला. आणि त्याचंही श्रेय खरं तर त्यांच्या आईला द्यायला हवं. त्यानंतर या माणसाने जे जे केलं ते दोनदा, दोन तऱ्हांनी आणि शेजारी-शेजारी मांडून केलं. दोष नोकरीला द्यावा, तर त्याच कंपनीतली बाकीची माणसं शहाण्यासारखी कामं उरकून संध्याकाळी घरी जातात. जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीचे ट्रायल प्लॉट साडू सांभाळतात. म्हणजे कपाशीचं एक वाण या पट्ट्यात, दुसरं त्या पट्ट्यात, दोघांना सारखंच पाणी, सारखंच खत, बांधावर 'अ' आणि 'ब' अशा पाट्या, आणि कुठलं वाण सरस याचा निकाल तीन हंगाम पाहिल्याशिवाय द्यायचा नाही. एवढंच ते काम. शेतात ते शोभतंही. पण साडूंनी ती पाटी शेतातून उपटली आणि घरात आणून रोवली.

नवीन नातं होतं तेव्हाची गोष्ट. मोंढ्याच्या बाजारातून आम्ही दोघं चाललो होतो आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. मला वाटलं, घाईत चुकलं असेल बिचाऱ्यांचं. हळूच म्हटलं, "साडूभाऊ, चप्पल बदललीय तुमची." तर भर रस्त्यात थांबून, दोन्ही पाय पुढे करून मला दाखवत म्हणाले, "बदलली न्हाई. ट्रायल चालू हाय. उजवी अ, डावी ब." मागून येणारा हातगाडीवाला शिव्या देत वळसा घालून गेला, तरी यांचे पाय पुढेच. पुढे कधीतरी उजव्या चपलेचा अंगठा तुटला. झालं, लागला ना निकाल? छे! "माणूस उजवा पाय जास्त आपटतो," असं म्हणून त्यांनी अंगठा शिवून घेतला आणि डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती चप्पल घालून ते एका लग्नालाही आले होते आणि मी ओळख दाखवली नव्हती.

दात घासताना वरच्या दातांना एक पेस्ट आणि खालच्या दातांना दुसरी, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चहा प्यायला निघाले की दोन वेगळ्या टपऱ्यांवरून दोन अर्धे चहा मागवतात आणि दोन्ही थंड होईपर्यंत घोट-घोट पीत बसतात. शाळेत मी पोरांना शास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रयोगाचं मला वावडं नाही. पण प्रयोग कुठे थांबवायचा हेही शास्त्रातच येतं, हे या गृहस्थाला कुणी शिकवलंच नाही. लग्नाचंही तेच. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीला पाहायला हे हसनाबादला आले ते ऐन उन्हाळ्यात. पोरगी पसंत पडली, आमच्या सासऱ्यांनी सुपारी हातात घेतली, आणि हे म्हणाले, "पावसाळ्यात एकदा येऊन जातो. आन् मंग हिवाळ्यात. हंगामागणिक माणूस बदलतं." सासरे जातीचे धनगर, उभं आयुष्य मेंढरांमागं उन्हापावसात काढलेलं. पावसाळ्याची फेरी त्यांनी मुकाट्याने सोसली. हिवाळ्यात हे पुन्हा दारात उभे राहिले तेव्हा त्यांनी काठी आपटली, "पाव्हणं, पोरगी हाय ही, बियाणं न्हाई. आज सुपारी फोडा, न्हाईतर रस्ता धरा." साडूंनी सुपारी फोडली. तरी म्हणे बोहल्यावर मेव्हणीच्या कानात म्हणाले होते, की तिन्ही हंगाम बराबर आले.

अशा माणसाने घर बांधायला काढलं म्हटल्यावर पुढचं सगळं मला आधीच दिसलं. भोकरदन रोडला, गाव संपून शेतं सुरू होतात तिथे त्यांचा प्लॉट. भिंती झाल्या, स्लॅब पडला, फरशी बसली, रंगही झाला. राहिलं काय, तर बैठकीच्या मागच्या बाजूला, ओट्याकडे उघडणारं एक रुंद दार. अख्खी भिंतच मोकळी ठेवली होती तिथे, कारण पलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत रान. ते दार सरकतं बसवायचं की घडीचं, एवढाच प्रश्न. सरकतं म्हणजे काचेची एक फळी दुसरीमागे सरकते, जागा खात नाही, पण उघडून उघडून अर्धीच वाट उघडते. घडीचं म्हणजे घडीच्या कागदी पंख्यासारखं. साऱ्या फळ्या दुमडत दुमडत एका कडेला जाऊन बसतात आणि भिंत होती की नव्हती असं वाटावं इतकं सगळं मोकळं होतं. कुठलाही शहाणा माणूस अर्ध्या दिवसात ठरवील. साडूंना पावसाळा पुरला नाही. त्या भगदाडाला ताडपत्री लावून ते दुकानं हिंडत होते, रुळांत बोटं घालून पाहत होते, बिजागऱ्या मोजत होते. इकडे भटजींनी स्पष्ट सांगितलं, दार लागल्याशिवाय वास्तुशांत नाही. आणि मेव्हणी भाड्याच्या दोन खोल्यांत, बांधून ठेवलेल्या बोचक्यांच्या मधोमध भाकरी थापत बसलेली.

नुसता मेव्हणीचा प्रश्न असता तर मी कानाडोळा केला असता. पण सारं अडलं होतं ते सासऱ्यांपायी. सासूबाई गेल्यापासून हसनाबादला ते एकटे. एकदा मोरीत घसरून पडले ते शेजारच्या बाईला ऐकू येईपर्यंत तसेच पडून होते. दोन्ही बहिणींच्या जिवाला घोर. आम्ही त्यांना आमच्या फ्लॅटवर आणून पाहिलं. तिसरा मजला, पुढे लोखंडी जाळीचं दार, मागे लाकडी, त्याला आपोआप बसणारं कुलूप. ते कुलूप काही त्यांना उघडता येईना. भर दुपारी आम्ही दोघं बाहेरून आलो तर हे आतून दारावर काठी हाणतायत आणि सारा जिना गोळा झालेला. "कोंडवाडा हाय ह्यो," म्हणाले, आणि पिशवी काखोटीला मारून गावी निघून गेले. त्यानंतर एकच धोशा: जिथलं दार माझ्या हातानं उघडंल तिथं ऱ्हाईन, न्हाईतर इथंच मरंन. हे ऐकूनच साडूंनी ती भिंत मोकळी सोडली होती, एवढं मी कबूल करतो. पण मोकळी सोडलेली भिंत वर्षभर मोकळीच ठेवायची का? म्हातारा तिकडे एकटा आणि हे इकडे बिजागऱ्या मोजतायत! मी चिडून म्हटलं, "साडूभाऊ, कुठलंही बसवा, पण बसवा! घडीचं बसवा, थाट तरी दिसेल." त्यावर हे माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी न पाहता एखादं बियाणं पेरायला सांगितलं.

शेवटी त्यांनी काय केलं असेल? अर्ध्या भिंतीला सरकतं बसवलं आणि अर्ध्या भिंतीला घडीचं. मध्ये एक खांब. एकावर तांबड्या रंगात 'अ', दुसऱ्यावर 'ब'. अल्युमिनियमचं काम करणारा जालन्याचाच जुना कारागीर होता, तो कपाळावर हात मारून म्हणाला, "साहब, जिंदगी में ऐसा दरवाजा नहीं बनाया. एक बोलो ना, एक!" साडू म्हणाले, "बोलतो. पाहणी होऊ द्या."

आता ही पाहणी काय चीज आहे ते सांगायला हवं. बियाण्यांच्या कंपन्या आपल्या प्लॉटवर शेतकऱ्यांना बोलावतात, मांडव घालतात, दोन्ही वाणं हिंडवून दाखवतात, पुरी-भाजी-बुंदीचं जेवण घालतात आणि मग विचारतात, कसं वाटलं? साडूंनी दाराची पाहणी ठेवली. ओट्यावर मांडव टाकला. मेव्हणीकडून परातभर बुंदी पाडून घेतली. नात्यातली माणसं, कंपनीतली माणसं, जुने शेजारी, सगळ्यांना बोलावणं. आणि प्रमुख पाहुणे म्हणून हसनाबादहून जीप करून सासरे. घरात राहायला या म्हटलं की न येणारा म्हातारा दार पाहायला मात्र पांढरं धोतर, तांबडा फेटा घालून आला. मी तर मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. माझ्या शाळेचे हेडमास्तरसुद्धा बोलावले होते या माणसाने.

लोक रांगेत उभे राहून दारं उघडत होते आणि झाकत होते. साडू बाजूला उभे, कंपनीची टोपी घालून, कुणाला काही सुचवायचं नाही, नुसतं पाहायचं. पोरांनी सरकत्या दाराची आगगाडी केली. बायकांनी सरकत्याला मत दिलं, कारण त्याला डासांची जाळी लागते. हेडमास्तरांनी घडीच्या दाराची स्तुती केली आणि बुंदी दोनदा घेतली. घडीच्या दाराचं कौतुक मीच आधी केलेलं, तेव्हा मोठ्या रुबाबात पुढे झालो, फळ्या दुमडल्या आणि दोन फळ्यांच्या मध्ये माझं बोट सापडलं. मी ओरडलो. साडूंनी धावत येऊन आधी बिजागरी पाहिली, मग बोट. "ब मध्ये हा दोष निघतो," एवढंच म्हणाले. त्या क्षणी मी ठरवलं होतं, की या माणसाशी यापुढे फक्त बायकोमार्फत बोलायचं.

मग सासरे उठले. मांडवातली माणसं बुंदी खाली ठेवून तिकडे वळली, कारण सगळ्यांना ठाऊक होतं, हा म्हातारा इथे राहील की परत त्या एकट्या घरात जाईल ते आता ठरणार. आधी ते घडीच्या दाराकडे गेले. ते दार आत ओढून उघडायचं. एका हातात काठी, एका हाताने ओढलं, फळी अंगावर आली, मागे सरकायला गेले तो तोल गेला. साडूंनी मागून धरलं म्हणून बरं. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. सासऱ्यांनी धोतर झटकलं, कुणाकडे पाहिलं नाही आणि सरकत्या दारापुढे येऊन उभे राहिले. हाताने ढकललंच नाही त्यांनी. काठीचं आकडीचं टोक दाराच्या मुठीत अडकवलं, मेंढरू पायाला आकडी घालून ओढावं तसं, आणि काठी बाजूला दाबली. दार सुळकन गेलं. समोर वेचणी झालेल्या कपाशीचं रान आणि त्यात कुणाची तरी मेंढरं खतासाठी बसवलेली. वारा आत आला, फेट्याचं टोक हललं.

"मेंढरं कुणाची वं?" सासऱ्यांनी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे जण मनातून एकदाचे सुटलो होतो. इथे कुठल्याही माणसाने देवापुढे नारळ फोडला असता. पण आमचे साडू! पुढे होऊन, टोपी सारखी करून म्हणाले, "बराबर. हे एका हंगामाचं झालं, मामा. आता उन्हाळ्यात काच तापती का पाहू, पावसाळ्यात रूळ गाळानं भरतो का पाहू. तीन हंगाम पाह्यले की मंग निकाल देऊ आन् तुमाला आणू."

मी बोट विसरून पुढे झालो होतो, खरंच सांगतो, त्यांच्या कानाखाली दोन वाजवायला. पण त्याआधी सासरे वळले. रागावले नव्हते. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि साधं विचारल्यासारखं विचारलं, "जावईबापू, मायाकडं तीन हंगाम हायेत का, ते पाह्यलं का?"

साडूंचं तोंड इतकं उतरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा नाही, कंपनीने बढती डावलली तेव्हाही नाही. टोपी काढली, पुन्हा घातली. मग कारागिराला म्हणाले, "हे सरकतं. दोन्हीकडं हेच. उद्या सकाळी बसवा." कारागिराचा विश्वास बसेना. "पक्का ना साहब?" "पक्का," साडू म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. पण म्हणून ते सुधारले असं समजू नका. हात धुवायला पिंपाकडे गेलेल्या सासऱ्यांच्या मागे मागे जाऊन म्हणाले, "मामा, निकाल न्हाई दिला म्या. नुसतं दार बसवून राह्यलो. निकाल तीन हंगामांनीच. आन् दार रोज तुमीच उघडून पाह्यला लागंल, न्हाईतर ट्रायल बाद."

"म्हंजे तीन हंगाम मला हितंच ऱ्हावं लागंल?"

"नियम हाय, मामा."

म्हातारा तोंडात घेतलेल्या चुळीसकट हसला.

वास्तुशांत झाली, मेव्हणीची बोचकी सुटली, सासऱ्यांची बाज त्या दारापाशी पडली. रोज सकाळी उठायचं, फेटा बांधायचा, काठीची आकडी मुठीत घालायची आणि दार सरकवून रान पाहायचं. साडू चहाचे दोन अर्धे कप घेऊन मागे उभे. "कसं हाय मामा आज?" "हलकं हाय." "बराबर." एवढं झाल्यावर ते कंपनीत जाणार. मी गेलो की मलाही ऐकवायचे, धूळ किती साठते, काच किती तापते. मी जांभया द्यायचो.

बघता बघता तिन्ही हंगाम उलटले. मी मुद्दाम गेलो आणि विचारलं, "काय साडूभाऊ, लागला निकाल?" कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "औंदा पाऊस बराबर झाला न्हाई. हे साल धरता येत न्हाई." ठीक आहे म्हटलं. पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाले, मधल्या काळात जाळी बदलली, सबब पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या पुढच्या खेपेला काय, तर शेजाऱ्याने भिंत बांधली, वाऱ्याची दिशा बदलली. इतका लबाड माणूस मी जन्मात पाहिला नाही. सासरे आपले बाजेवर पडल्या पडल्या म्हणायचे, "काय करतो बाबा, जावयाचा निकाल लागंना, मला जाता येईना."

मध्यंतरी एके दिवशी साडूंचा फोन आला. कंपनीच्या कामाने अंकुशनगरकडे मुक्कामी जावं लागत होतं. "उद्या सकाळी घरी या. मागल्या बाजूनं या. मामाला दिसू नका." मला वाटलं, आता मलाच 'अ' करून कुणाशी तरी ट्रायलला लावतायत. तरी गेलो. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यावर मेव्हणी उभी होती. तिने माझ्या हातात नायलॉनच्या बारीक दोरीचं टोक दिलं. दोरी भिंतीच्या कडेकडेने, रुळाच्या बाजूने गेलेली आणि सरकत्या फळीच्या तळाशी बांधलेली. सासऱ्यांच्या हातातलं बळ सरलं होतं. काठी मुठीत अडकवता यायची, पण दार हलायचं नाही. त्यांना ते कळू नये म्हणून साडू रोज सकाळी दोन कप चहा खाली ठेवून, या कोपऱ्यामागे उकिडवे बसून, काठी मुठीला लागल्याचा आवाज झाला की दोरी ओढत होते. मग पळत आत जाऊन विचारायचे, कसं हाय मामा आज?

मी बसलो. गुडघे दुखतात माझे, पण बसलो. आतून टक् असा आवाज आला आणि घाबरून मी दोरी अशी खेचली की दार धाडकन येऊन चौकटीवर आपटलं.

"आज दार लई जोरात हाय गं!" सासऱ्यांचा आवाज आला.

"रुळाला मेण लावलंय, आप्पा," मेव्हणी म्हणाली.

"आसं व्हय. तरी अजून जोर हाय माझ्या हातात."

मी कोपऱ्यामागेच बसून राहिलो, हातातली दोरी सोडायचं सुचेना. मग चष्मा पुसून आत गेलो. संध्याकाळी साडूंचा फोन आला. बायकोमार्फत नाही, सरळ मीच घेतला.

"कसं झालं?"

"जरा जोरात ओढलं गेलं, साडूभाऊ. माझं चुकलं."

त्यावर अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "मंग आजचा दिवस धरता येत न्हाई."

"नका धरू," मी म्हणालो. "हे अख्खं सालच धरू नका."